नववं प्रकरण

दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. वकीलसाहेब तीन दगडांवर उभे होते, आणि तेही ऐटीत. सकाळी कोर्ट, संध्याकाळी कॉलेजात शिकवणं आणि मधे सापडेल तेव्हा लिखाण. त्यांचं करारांच्या कायद्यावरचं पुस्तक सगळ्या पोरांच्या माथी मारलेलं होतं, आणि त्यातलं नववं प्रकरण म्हणजे त्यांचा जीव की प्राण. 'तोंडी वचन म्हणजे तोंडाची वाफ. कोर्टानं त्याची दखल घेऊ नये.' हे वाक्य पाठ नसेल त्याला ते वर्गाबाहेर काढत. पोरं पाठीमागं त्यांनाच 'नववं प्रकरण' म्हणत.

आणि नेमकी त्यांच्या थोरल्या बहिणीवरच वेळ आली. ताईचं शिवणकामाचं दुकान. जुना मालक म्हणाला होता, "तुझं मशीन चालतंय तोवर जागा तुझी." कागद नाही, सही नाही. मालक गेला आणि त्याच्या मुलानं जागा खाली करून मागत दावा ठोकला. दुकान गेलं की ताईच्या पोटावरच पाय. केस भावाकडं आली. नाही म्हणून सांगतो कुणाला.

समोरची वकील त्यांचीच विद्यार्थिनी. तिनं पुस्तक उघडलंसुद्धा नाही. नववं प्रकरण घडाघडा म्हणून दाखवलं, सर वर्गात जिथं खाकरायचे तिथं खाकरलीसुद्धा.

"याहून मोठा जाणकार मला माहीत नाही," ती अदबीनं म्हणाली.

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "वकीलसाहेब, या लेखकाबद्दल आपलं काय मत?"

झाली का पंचाईत. पुस्तक धरावं तर ताई रस्त्यावर, ताईला धरावं तर आयुष्यभराची अब्रू धुळीला. त्यांनी मागं पाहिलं. ताई बाकावर बसून त्यांच्या कोटाची उसवलेली शिवण बघत होती.

"लेखक मूर्ख आहे," वकीलसाहेब म्हणाले. "मी त्याला जवळून ओळखतो. त्याचे वडील गेले तेव्हा बहीण म्हणाली, तू शीक, बाकी मी बघते. तेही तोंडीच होतं. ती वाफ असती तर हा आज काजं-बटणं करत बसला असता. दिलेल्या शब्दावर विसंबून माणूस आयुष्य घालवतो, तेव्हा तो शब्द मोडता येत नाही, एवढंही या शहाण्याला कळलं नाही."

मग त्यांनी स्वतःच्या पुस्तकाच्या अशा चिंध्या केल्या, की शेवटी विद्यार्थिनीच हळूच म्हणाली, "सर, पुरे आता."

दावा फेटाळला गेला. निकालात लिहिलं होतं, 'लेखकाच्या मतास आधार नाही.' वकीलसाहेबांना आनंद झाला आणि त्यांच्यातल्या लेखकाला झोंबलं.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ताई, तुला दिलेली पहिली प्रत आण. ते प्रकरण नव्यानं लिहितो."

"ती नाही मिळायची," ताई म्हणाली. "मशीनच्या आखूड पायाखाली आहे. काढली तर मशीन डुगडुगेल, बंद पडेल. आणि मालकाचा शब्द मशीन चालतंय तोवरचाच; ते बंद पडलं की जागा गेली. आत्ता तूच सांगितलंस ना, दिलेला शब्द मोडता येत नाही."