गटाराकडे ओढणारी टॅक्सी

चाकमहाराजांच्या गल्लीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. कुणाची गाडी एका बाजूला ओढते, कुणाचे टायर झिजतात. सगळ्यांवर इलाज एकच, महाराज! आज पाळी दाजींच्या टॅक्सीची होती. माझी बहीण, म्हणजे त्यांची बायको, जाऊन वर्षही झालं नव्हतं.

"स्टिअरिंग सोड!" महाराज माइकवर गरजले. दाजींनी हात सोडले. टॅक्सी हळूहळू डावीकडच्या गटाराकडे सरकली.

"पाहिलंत? बायको मेली, पण ओढ सुटेना! तिची खूण घरात आहे तोवर ती तुला खड्ड्यात घालणार."

दाजींनी तिचे सगळे फोटो घमेल्यात टाकले. "दाजी, अहो, डोकं फिरलंय का?" मी ओरडलो. चौघांनी मला मागे लोटलं. काडी पडली. महाराजांनी चाकांवर पाणी शिंपडलं, गल्लीच्या टोकाला टॅक्सी वळवून घेतली आणि परत यायला सांगितलं. हात सोडूनही टॅक्सी नाकासमोर आली. टाळ्यांचा कडकडाट झाला. दाजी ओक्साबोक्शी रडत होते.

तेवढ्यात माझी भाची कामावरून धावत पोचली. घमेल्यात पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी घडलेलं सगळं सांगितलं, तशी तिने पिशवीतली बाटली काढून पाणी रस्त्यावर ओतलं. ओघळ थेट गटारात गेला.

"रस्ताच तिरका आहे. जाताना गटार डावीकडे, म्हणून गाडी जास्तच ओढली. येताना तेच गटार उजवीकडे. उताराने गाडीची डावीकडे ओढायची खोड झाकली. पप्पा, पुन्हा वळवा."

पुन्हा वळवली. टॅक्सी गटाराकडे गेली.

"श्रद्धा डळमळली की असंच होतं!" महाराज म्हणाले. आणि अर्ध्या गर्दीने माना डोलावल्या! काय डोकं आपटायचं यांच्यापुढे?

गॅरेजमध्ये गाडी वर उचलली. पुढची चाकं वाकडी बसली होती. टायर बाहेरून ठणठणीत, आतल्या कडेला मात्र रबर झिजून आतली तार दिसत होती. ओल्या रस्त्यावर पकड सुटली असती, तर तेही माझ्या बहिणीच्याच माथी मारलं असतं. मेकॅनिकने टायर बदलले, अलाइनमेंट केली. आता टॅक्सी सरळ चालते.

"म्हणजे ती नव्हती?" दाजींनी विचारलं.

"आई कधीच नव्हती, पप्पा," भाची म्हणाली.

गाडी ओढत असेल, तर वाकून टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. अक्कल गहाण टाकू नका आणि मेलेल्या माणसांवर आळ घेऊ नका. ती उत्तर द्यायला येत नाहीत. घरात बहिणीचा एकही फोटो उरलेला नाही. भाची हल्ली माझ्याकडे टक लावून बघत बसते. माझं नाक तिच्या आईसारखं आहे.