राहीबाईच्या गळ्यातलं सोनं

आमचे हे फोटो काढतात आणि मी धुते. पालघर स्टेशनसमोरच्या स्टुडिओवर पाटी यांची, पण अंधाऱ्या खोलीत राज्य माझं. तरी त्या शनिवारी मला कोणी विचारलं नाही.

दातिवऱ्याचा जिवल्या मंगळवारी जहाजावर चालला होता, दोन वर्षांसाठी. बरोबर आईचा फोटो हवा म्हणून तो यांना घरी घेऊन गेला. राहीबाईनं जन्मात फोटो काढला नव्हता. परमुलखात लेकाची शोभा नको व्हायला, म्हणून आळीतल्या बायांनी आपापलं सोनं उतरवून तिच्या गळ्यात घातलं. यांनी तिला भर दुपारी वाळूत उभं केलं आणि मी माहेरी केळव्याला गेलेली बघून फिल्म स्वतःच धुतली, तीही दुप्पट वेळ. फोटो खणखणीत यायला हवा ना! आलं काय? गळ्यात पांढरा डाग आणि वर काळा गोळा.

रविवारी जिवल्या तो कागद घेऊन बसून राहिला. "काकी, यात माजी आय कुठं हाय?"

"नथ आलीय की," हे म्हणाले.

"अहो, पोराला काय नथ घेऊन जायचीय?" मी म्हटलं. मला यांचा असा राग आला की चहासुद्धा दिला नाही.

सोमवारी सकाळी मीच बरोबर गेले. बायांनी पुन्हा सोनं चढवलं आणि राहीबाईला दाराच्या आत, सावलीत बसवलं. रिकामी बसेल तर शपथ, लगेच बोंबील निवडायला लागली. सावलीत हलते हात टिपायचे, म्हणून मी चारशेची वेगवान फिल्म घेतली होती. ही फिल्म स्वभावानंच मवाळ, काळ्यापांढऱ्यात फार भांडण लावत नाही. यांना बजावलं, "उजेड चेहऱ्याला पुरेल एवढा द्या. सोन्याचं मी बघते."

स्टुडिओत येऊन, सोनं पुन्हा पांढरं फटक पडू नये म्हणून फिल्म धुण्याचं औषध पातळ केलं, टाकी अगदी हळू हलवली आणि नेहमीपेक्षा दोन मिनिटं आधीच फिल्म बाहेर काढली. दुसरी संधी नव्हती.

संध्याकाळी आळीच स्टुडिओत हजर. बायडीनं आपली माळ मण्यामण्यानं ओळखली. तानीला आपल्या ठुशीची गाठसुद्धा दिसली. आणि त्या सगळ्याच्या वर राहीबाईचा चेहरा, कपाळावरच्या आठ्यांसकट हसरा. मला इतका आनंद झाला की यांचे सगळे गुन्हे माफ केले.

जिवल्यानं फोटो आईच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडे धरला.

"ही तं माजी आय," ती म्हणाली. "गेली त्याला तीस वर्सं झाली, आज दिसली."

तिनं फोटो पदराखाली धरला.

"आये, तो माजा फोटू हाय. मी उद्या चाललो."

"तुजी आय ही समोर हाय, बगून घे. माजी मना ऱ्हाऊ दे."

सगळ्या बाया हसायला लागल्या, जिवल्याही. मी डोळे पुसत दुसरी प्रत काढायला आत गेले.