थरथराईचा कौल

सोमनाथच्या ट्रॅक्टरला हिरवी नऊवारी नेसवली होती. पदर बॉनेटवर, निऱ्या पुढच्या चाकांपाशी. स्टिअरिंगला डझनभर बांगड्या, दिव्यांना हळदकुंकू आणि धुराड्याला झेंडूची माळ. ती तासाभरात करपायची, की कोणीतरी नवी घालायचं. चांदवडहून आत येणाऱ्या रस्त्यावर जीपा आणि मोटारसायकली लागल्या होत्या. ऐन कांद्याच्या दिवसांत माणसं शेतं सोडून, हातात नारळ घेऊन, एका ट्रॅक्टरपुढे रांगेत उभी होती.

सीटवर गोटीराम महाराज बसले होते, गळ्यात माळा, उजव्या मुठीत लिंबू.

"आई, जागी हायेस का?" ते विचारत. ट्रॅक्टर थरथर कापायचा. बांगड्या खळखळायच्या, बॉनेटवरचा नारळ गडगडत खाली यायचा आणि गर्दी हात जोडायची.

थरथराई असं देवीचं नाव पडलं होतं. जोरात हालली तर होय, हळू हालली तर नाही. बोअरला पाणी लागेल का? होय. गावातल्या हर्षलचा मोबाइलवरचा व्हिडिओ लाखभर लोक बघतील का? देवी बराच वेळ विचारात पडली आणि मग हळूच हालली. शेजारचे सावळीराम गुडघेदुखीसाठी मडगार्डवर पाव तास बसले. उतरल्यावर म्हणाले, गुडघा दुखायचा थांबला. तो थांबला नव्हता. कंबर इतकी धरली होती, की गुडघ्याची आठवणच राहिली नव्हती.

हे सगळं खंडेनवमीनंतर सुरू झालं. त्या दिवशी सोमनाथनं ट्रॅक्टर आणि त्याच्या मागचा, माती भुसभुशीत करणारा रोटर धुऊनपुसून पुजला. दुसऱ्या दिवशी शेतात रोटर सुरू केला, तर ट्रॅक्टर असा हादरू लागला, की त्यानं घाबरून खाली उडी मारली. पूजेत चूक झाली, असं कोणी म्हणालं. कोणी गोटीरामला बोलावलं. हा गोटीराम पूर्वी देवळा तालुक्यात भाड्याचा रोटर चालवायचा. पण भगवी लुंगी नेसली, की मागचं कोणाला आठवत नाही.

धोंडाबाईंना आठवत होतं. सोमनाथची आई, वय पंच्याहत्तर. नवऱ्याबरोबर चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेली. ओट्यावर बसून त्या गर्दी बघत आणि त्यांना गिरणीचं पहिलं इंजिन आठवे. काय दिवस होते ते! तेही असंच नाचलं होतं आणि तेव्हाही अर्धा गाव नारळ घेऊन आला होता. मालकांनी सगळ्यांचे नारळ फोडले, खोबरं वाटलं आणि मग वाकून पायाचे चार बोल्ट आवळले. इंजिन गप्प. "देवाला नारळ, नटाला पाना," असं ते म्हणायचे.

धोंडाबाईंनी हसून सोडूनही दिलं असतं. पण नात वैष्णवी सातव्या महिन्यात माहेरी आली होती. महाराजांनी जाहीर केलं, की रविवारी आई या लेकीला मांडीवर घेईल. तिनं मडगार्डवर अर्धा तास बसायचं, म्हणजे मूल कशाला भिणार नाही. सून पूजानं मडगार्डवर घालायला गोधडीसुद्धा धुऊन ठेवली.

"आजी, मला नाय बसायचं," वैष्णवी म्हणाली. "पण नाय म्हटलं की आई रडायला लागती."

दोन दिवस धोंडाबाई ओट्यावरून नुसत्या ऐकत राहिल्या. गिरणीवाल्या बाईला पट्ट्याचा सूर कळतो. प्रत्येक 'होय'च्या आधी इंजिनाचा आवाज चढत होता आणि आवाज चढण्याआधी महाराजांची लिंबाची मूठ स्टिअरिंगखालच्या, इंजिनाचा वेग वाढवणाऱ्या दांडीपाशी जात होती. शिवाय सकाळी सोमनाथ ट्रॅक्टर कडुलिंबाखाली आणून लावायचा, तेव्हा देवी गाढ झोपलेली असे. मागचा रोटर फिरवणारा शाफ्ट चालू केला, की मगच ती जागी व्हायची.

रविवारी गर्दी दुप्पट होती. मडगार्डवर गोधडी अंथरली होती. धोंडाबाई काठी टेकत पुढे आल्या. पहिला प्रश्न घरच्या म्हातारीचा, असं म्हणाल्यावर कोण अडवणार?

"महाराज, दोन्ही हात वर जोडा. आईपुढं हात खाली बरे दिसत नाय."

एवढ्या लोकांत महाराजांना हात वर करावेच लागले.

"आई, माझं नाव धोंडाबाई हाय का?"

ट्रॅक्टर हालत होता तसाच हालत राहिला.

"मग माझं नाव पूजा हाय का?"

तसाच. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"आई परीक्षा देत नसती," महाराज म्हणाले.

"मग इतके दिवस काय देत होती? बरं, शेवटचं. आई, माझ्या नातीला मांडीवर घेशील का?"

महाराजांचा उजवा हात हळूहळू खाली यायला लागला.

"हात वर," धोंडाबाई म्हणाल्या. गिरणीत रांग मोडणाऱ्याला त्या याच आवाजात सांगत. हात वर गेला. देवीनं काही ठरवलं नाही.

मग त्यांनी सोमनाथला इंजिन बंद करायला लावलं, चावी स्वतःच्या कनवटीला लावली आणि शाफ्ट काढायला सांगितला. एका चौकोनी नळीत दुसरी सरकणारा, दोन्ही टोकांना बेचकीसारखे काटे असलेला तो शाफ्ट त्यांनी गोधडीवर ठेवला. एक काटा उभा होता, दुसरा आडवा.

"खंडेनवमीला धुताना तू हे दोन तुकडे सोडवलेस?"

"हो."

"जोडताना काटे बघितलेस?"

सोमनाथनं कुंकू नीट लागलंय का, ते बघितलं होतं.

धोंडाबाईंनी समजावलं. शाफ्ट वाकून फिरतो, तेव्हा एक काटा हिसका देतो आणि दुसऱ्यानं तो जिरवायचा असतो. दोन्ही एका रेषेत असले, तरच तो जिरतो. नाहीतर हिसक्यावर हिसका चढतो. त्यात महाराजांनी रोटर अधांतरी उचलायला लावला होता, ही आईची पालखी, जमिनीला टेकू नये, म्हणून. त्यानं शाफ्ट आणखी वाकला. रोटरवाल्या माणसाला हे ठाऊक नसेल?

सोमनाथनं एक नळी पाव फेरा फिरवून शाफ्ट जोडला. सगळ्यांना लांब सरकवून ट्रॅक्टर सुरू केला. बांगड्या किणकिणल्यासुद्धा नाहीत. बॉनेटवरचा नारळ जागेवर बसून राहिला.

"आई रुसली," सावळीराम हळहळले.

धोंडाबाईंनी पुन्हा इंजिन बंद करवून शाफ्ट चुकीचा जोडायला लावला. आई प्रसन्न झाली. पुन्हा बंद, पुन्हा बरोबर. आई गेली. तिसऱ्यांदा कंबर धरून सावळीरामच म्हणाले, "इतकी सांगितलेलं ऐकणारी देवी मी जन्मात पाहिली नाय."

मग इंजिन बंद करवून धोंडाबाईंनी सोमनाथचं बोट काट्यांमधल्या फुलीसारख्या क्रॉसवर ठेवलं. तो खुळखुळत होता. त्याला आत धरून ठेवणारी कडी निम्मी निघून आली होती. आणखी थोडा वेळ हिसके बसते, तर शाफ्ट मोडून फेकला गेला असता. मडगार्ड तिथून दीड हातावर होतं. सोमनाथनं एकदा शाफ्टकडे पाहिलं, एकदा गोधडीकडे. मग गोधडी उचलून वैष्णवीच्या खांद्यावर टाकली आणि तिला घरात घेऊन गेला. पूजा स्टिअरिंगवरच्या बांगड्या एकेक करून काढू लागली.

गोटीराम केव्हाच मोटारसायकलवर बसले होते. ढिली चेन रस्ताभर खडखडत गेली. तिच्यापुढे कोणी नारळ फोडला नाही.

उरलेले नारळ धोंडाबाईंनी फोडले आणि खोबरं वाटताना प्रत्येकाला सांगितलं, "हात जोडायला मनाई नाय. पण जे हालतंय ते का हालतंय, हे आधी विचारा. आणि पोटुशी पोर, दुखरा गुडघा डॉक्टरला दाखवा, ट्रॅक्टरला नाय."

दोन-अडीच महिन्यांनी वैष्णवीला दवाखान्यात मुलगी झाली. पोर ठणठणीत आहे. फक्त कुकरची शिट्टी झाली, की दचकते. आणि घरातल्या कोणालाही त्यात काही विशेष वाटत नाही.