दिलेल्या गाडीची तिसरी किल्ली

माईंनी गाडी दान केली तेव्हा काही म्हणजे काही मागे ठेवलं नव्हतं. दोन्ही किल्ल्या दिल्या, चार्जिंगची केबल गुंडाळून डिकीत ठेवली, पायाखालची मॅटसुद्धा धुऊन दिली. विजेवरची ती जुनी गाडी गेली नवऱ्याच्या मारापासून पळालेल्या बायकांना आसरा देणाऱ्या संस्थेला. घरी मात्र माईंनी 'वृद्धाश्रमाला दिली' अशी थाप मारली, कारण त्या संस्थेत त्यांचीच सून लपली होती, नातीसकट. तिला तिथं पोचवलं होतं तेही माईंनीच, याच गाडीतून, चिरंजीव अंघोळीला गेले असताना.

चिरंजीव म्हणजे माईंचा एकुलता एक. गोगलगाय आणि पोटात पाय. बाहेर इतका गोड की शेजारपाजारच्या आया आपल्या मुलांना त्याचा दाखला देत. घरात त्यानं बायकोचा हात मोडला आणि ती जिन्यावरून पडली असं डॉक्टरांना सांगायला माईंना लावलं. माईंनी सांगितलंही. भीती माणसाकडून काय वाटेल ते वदवून घेते.

त्या दुपारी तो जेवत होता. फोन वाजला तसा तो हसला.

"आई, तुझी गाडी मला निरोप धाडतेय. चार्जिंग कमी झालंय म्हणे."

माईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. "तुझ्या फोनवर कशी?"

"ॲप मीच नव्हतं का टाकलं? तुला कुठं जमतं ते! त्या म्हाताऱ्यांनी माझं नाव काढलंच नाही बघ."

काढणार कोण? गाडी देणारीला ठाऊक नाही, घेणारीच्या ध्यानात नाही. दोन किल्ल्या मोजून दिल्या-घेतल्या, आणि तिसरी, फोनमधली, लेकाच्या खिशात राहिली.

"नकाशापण दिसतो," तो म्हणाला. "थांब, तुझे म्हातारे कुठं भटकतायत बघू." आणि मग चावता चावता थांबला. "हाडांच्या दवाखान्यासमोर उभी आहे."

आज सुनेचं प्लास्टर काढणार होते.

"म्हाताऱ्यांची हाडं, दुसरं काय," त्या म्हणाल्या. आपला आवाज आपलाच आहे का, असं त्यांना वाटलं.

"हं," तो म्हणाला, पण फोन खाली ठेवला नाही. "निघाली बघ. आता कुठं जाते ते बघू."

कुठं जाणार? घरी. म्हणजे त्या पत्त्यावर, जो संस्थेतल्या बायका आपल्या आईलासुद्धा सांगत नाहीत.

माईंनी स्वयंपाकघरात जाऊन नळ पूर्ण सोडला, वर दोन पातेली आपटली आणि संस्थेच्या ताईंना फोन लावला. "ताई, गाडी घरी आणू नका. तो बघतोय. फोनवर दिसते त्याला."

ताई लगेच म्हणाल्या, "सुनबाईंकडे फोन आहे, त्यांना कळवते. गाडी कुठं थांबवायला सांगू?"

"भाजीबाजारात. सगळ्यांनी तिथंच उतरा आणि दुसऱ्या गाडीनं जा. किल्ली पुढच्या चाकावर ठेवा."

"मग संध्याकाळी आमच्यापैकी कुणीतरी येऊन…"

"नको! तो गाडीपाशी दबा धरून बसेल आणि येईल तिच्या मागं जाईल. मलाच जाऊ दे. त्याचं नाव कसं काढायचं तेवढं सांगा."

ताईंनी सांगितलं. माईंनी नळ तसाच वाहता ठेवला आणि मागच्या दारानं निघाल्या. बाजार जवळच होता. प्रत्येक वळणावर त्यांना मागं त्याची चाहूल लागायची, आणि मागं तर कुणीच नसायचं.

गाडी बटाट्यांच्या गाड्याशेजारी उभी होती, रिकामी. त्या आत बसल्या. समोरच्या पडद्यावर लेकाचं नाव, त्याखाली प्रश्न: काढून टाकायचं? त्यांनी 'होय' दाबलं. चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं.

खट.

चारही दारांची कुलपं आपोआप उघडली.

माईंनी आरशात पाहिलं. भाजीवाल्यांमधून तो येत होता, हातात फोन, चेहऱ्यावर तेच हसू. त्यांनी बटण दाबून कुलपं लावली. त्यानं चालता चालता फोनवरून उघडली. यांनी लावली, त्यानं उघडली. खट, खट, खट. चक्र फिरतंच होतं आणि तो खिडकीशी पोचला. माईंना देव आठवेना, नुसता लेक दिसत होता. त्याचा हात दाराकडे गेला आणि पडद्यावरून त्याचं नाव नाहीसं झालं. माईंनी पुन्हा बटण दाबलं. या खेपेला कुलूप लागलं ते लागलंच.

त्यानं दोनदा फोनवर बोट आपटलं. मग काचेवर थाप मारली. "आई, दार उघड. ती कुठं आहे ते तुला माहितीय!"

माईंनी गाडी चालू केली.

तो वाकला आणि काचेला तोंड लावून, शेजारच्या भाजीवालीला ऐकू जाऊ नये इतक्या मऊ आवाजात म्हणाला, "बरं. घरी तर येशीलच ना?"

माईंनी गाडी काढली. तो थोडं धावला, मग गर्दीत मागं पडला. बराच वेळ त्या उगाच इकडे वळ, तिकडे वळ करत राहिल्या. शेवटी एका भिंतीच्या कडेला थांबून त्यांनी ताईंना फोन लावला.

"पोचल्या का दोघी?"

"पोचल्या. तुम्ही गाडी कुठंही सोडा, माई. आणि जपून घरी जा."

त्या घरात राहू नकोस, हे सुनेला इतक्यांदा समजावलं होतं, पण स्वतःबद्दल ते त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

"मला त्याची भीती वाटते हो, ताई. माझ्या पोटचा आहे, पण भीती वाटते. मी घरी नाही जाणार. तुमच्याकडे एक खाट होईल का?"

"होईल की. या."

"थांबा," माई म्हणाल्या. "आधी सुनेला विचारा. सासू चालेल का म्हणून."