करवतीवरच्या माणसाला हाक

सुताराने नवं करवतीचं मशीन घेतलं ते लेकीच्या बोटांसाठी. फिरत्या पात्याला माणसाचं कातडं लागलं रे लागलं की पातं जागच्या जागी थांबायचं. त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती, आणि मशीन सुरू झालं की गेलेली दोन अजूनही ठणकायची. लेक मात्र पार निर्धास्त झाली होती. लाकूड पुढे सरकवायला काठी वापरायचं तिने सोडूनच दिलं.

“काठी कशाला बाबा? मशीनला अक्कल आहे,” म्हणायची.

त्याचं डोकं फिरायचं, पण मशीन कौतुकाने आणलं होतं त्यानेच. बोलणार कुणाला?

त्या अकलेची एक गंमत होती. ओलं लाकूडही तिला कातडंच वाटायचं. त्या दुपारी ओल्या फळ्या आल्या, म्हणून सुताराने चावी फिरवून ती सोय बंद केली. ती चालू असल्याचा हिरवा दिवा विझला. फळ्या कापून झाल्या आणि चावी तशीच ठेवून हा गडी गेला हात धुवायला.

परत येऊन पाहतो तर लेक मशीनवर. पातं गरगरत होतं, तिचा अंगठा त्याला जवळजवळ खेटून चालला होता, आणि दिवा विझलेलाच.

हाक त्याच्या ओठांवर आली आणि तिथेच थिजली. वीस वर्षांपूर्वी याच दारातून कुणीतरी “बाबा!” म्हणून ओरडलं होतं आणि त्याने मान वळवली होती. चार वर्षांची होती ती. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. त्याला मात्र ती हाक पात्याच्या आवाजात रोज ऐकू यायची. आत्ताही आली. मशीन बंद करायचं बटण तिच्या पलीकडे होतं. फळी संपेपर्यंत तो श्वास रोखून उभा राहिला.

मशीन थांबवून लेक वळली. “काय झालं? भूत बघितल्यासारखे काय उभे आहात?”

“दिवा बघ.”

तिने पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला.

“मीच बंद केला होता. चालू करायचं राहून गेलं.”

“आणि तुम्ही नुसते बघत राहिलात? एक हाक मारता आली नाही?”

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“सुचलंच नाही,” सुतार म्हणाला.

“बाप आहात की कोण?” ती रडायलाच लागली. मग नाही नाही ते बोलली.

त्याने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तिची दहाही बोटं शाबूत होती. बोलू दे तिला.