खडूच्या भिंतीतून

“अहो, भिंतीतून चाललात.”

मी जागच्या जागी थांबलो. हातात ट्रे, ट्रेमध्ये काठोकाठ भरलेले पाण्याचे पेले आणि पायाखाली खडूची पांढरी रेघ. ती रेघ म्हणजे बैठकीची भिंत होती आणि मी तिच्यातून आरपार मागच्या खोलीत निघालो होतो. बायको जमिनीवर उकिडवी बसून माझ्याकडे बघत होती.

“दार कुठंय मग?” मी विचारलं.

“दिसत नाही? रेघ तुटलीय तिथं.”

“तुटलेली रेघ जरा ठळक काढत जा.”

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. आज हसण्यासारखा दिवस नव्हता. आमच्या भाड्याच्या इमारतीमागे गाड्या लावायची मोकळी जागा आहे आणि सुटीच्या दिवशी सकाळी ती बरीचशी रिकामी असते. तिथे तिने अख्खं घर खऱ्या मापात आखलं होतं. शेजारी कॉफीचे कप घेऊन गॅलऱ्यांत उभे होते. आम्ही या परक्या देशात राहायला येऊन थोडेच महिने झाले होते, आणि हे जोडपं वेडं आहे यावर त्यांचं एव्हाना एकमत झालं असावं.

माझी बायको आर्किटेक्ट आहे. लग्न झालं तेव्हापासून मी तिची घरं चालून बघतोय. प्लॅन कागदावर उतरला की ती तो गच्चीवर खडूने आखायची, माझ्या हातात भरल्या पेल्यांचा ट्रे द्यायची आणि म्हणायची, फिरा. कुठे अंग चोरावं लागलं, वळताना कोपर आडवं आलं, की पाणी हिंदकळायचं. पाणी सांडलं की प्लॅन चुकला. ती तेवढी रेघ पुसून नवी मारायची आणि मी पुन्हा पेले भरायला नळावर जायचो. उंचीची मापंही माझ्यावरूनच ठरायची. खिडकीची कड माझं कोपर टेकेल तिथे, फळी माझा हात पोचेल तिथे. पुस्तकातली मापं तिला तोंडपाठ होती, पण पुस्तक काही चालून दाखवत नाही, असं तिचं म्हणणं. दिवसभर मी वीजबिलांच्या खिडकीमागे बसायचो आणि संध्याकाळी गच्चीवर ही दुसरी नोकरी करायचो. आमच्या मुलीने माझं नाव फूटपट्टी ठेवलं होतं.

गंमत अशी की एवढ्या घरांतून फिरलो, त्यातलं एकही उभं राहिलं नाही. कुणाचं भावाशी बिनसायचं, कुणी प्लॅन काखोटीला मारून थेट ठेकेदाराकडे जायचं आणि तो भलतंच काही बांधायचा, कुणाला शेवटी नुसती गॅलरी बंद करून हवी असायची. बायकोची उमेदीची वर्षं गॅलऱ्या बंद करण्यात आणि कुंपणाच्या भिंती घालण्यात गेली. ती तक्रार करायची नाही. पण रस्त्याने जाताना कुणाचं नवं घर दिसलं की तिची चाल मंदावायची, आणि मला उगीचच अपराधी वाटायचं.

मग पन्नाशी उलटल्यावर तिने परदेशातल्या एका ऑफिसला अर्ज केला. त्यांनी स्क्रीनवर मुलाखत घेतली आणि बोलावलं. या वयात कुठे निघालात, असं सगळ्यांनी विचारून झालं. मी नुकताच निवृत्त झालो होतो, त्यामुळे मला कुणी काही विचारलं नाही, मी सामानात धरलेला होतो. विमानतळावर तिची बॅग उघडली तर वर टेप आणि त्याखाली खडूचे खोके. तपासणारा माणूस एकदा खडूकडे आणि एकदा तिच्याकडे बघत राहिला. शेवटी तिने त्याच्या टेबलावर एक छोटीशी खोली आखून दाखवली, तेव्हा आम्हाला सोडलं.

नोकरी मात्र सहा महिन्यांच्या बोलीवर होती. या मुदतीत तिने एक घर करून दाखवायचं. घरवाल्यांना आणि साहेबांना पटलं तर कायम, नाहीतर परतीचं तिकीट. घर लहानच होतं, पोहणं शिकवून निवृत्त झालेल्या एका बाईंचं. पण पायापासून छपरापर्यंत अख्खं होतं, आणि ते बांधलं जाणार होतं. ती गुणगुणत नकाशे काढायची. इतक्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

आणि मग याच आठवड्यात माशी शिंकली. ऑफिसचे साहेब आमच्या मुलीच्या वयाचे, बोलायला अतिशय गोड. त्यांनी नकाशे बघितले, कामाची तारीफ केली आणि म्हणाले, एवढंच कळत नाही, या घरातलं सगळंच जरासं बुटकं आणि अरुंद का आलंय? ही मापं कुठल्या तक्त्यातली?

ती घरी आली ती पर्स खांद्याला तशीच ठेवून मला म्हणाली, उभे राहा. मला दाराच्या चौकटीला टेकवून तिने टेप लावला. कोपर, खांदा, वर केलेला हात. प्रत्येक आकडा ती नकाशातल्या मापाशी ताडून बघत गेली.

“सगळ्या खिडक्या तुमच्या कोपराला आहेत,” ती म्हणाली. “ओटे, फळ्या, कठडे, सगळं. मी आजवर जे काढलं ना, ते तुमच्यासाठीच काढलंय.”

हे तिने चोरी सापडल्यासारखं सांगितलं. मी उंचीने बेताचा, अंगाने आटोपशीर, आणि हा देश धिप्पाड लोकांचा. तिची नोकरी माझ्यापायी जायची वेळ आली होती. तरी खरं सांगतो, मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. बायको नवऱ्याला काय काय करून देते. मला तिने न बांधलेली किती घरं दिली होती, आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

मी बाहेर आलो तोवर तिचा बेत ठरला होता. रबर घेऊन आकडे बदलत बसायचं नाही. बाईंना इथेच बोलवायचं, त्यांच्या हातात ट्रे द्यायचा आणि त्या चालतील तसं घर हलवायचं. साहेबांकडे डोळ्यांवर चढवून न बांधलेल्या घरात फिरायचा चष्मा होता, तो त्यांनी सुचवून पाहिला. बायकोने विचारलं, त्यात पाणी सांडतं का? सांडत नव्हतं. साहेबांनी हात टेकले.

म्हणून आज ही आखणी, माझ्या मापाची, शेवटची. “तुमची फेरी झाली की ट्रे त्यांच्याकडे,” बायको म्हणाली. मी हो म्हटलं, पण ट्रे जरा घट्ट धरला.

बाई आल्या. दारातून वाकून यावं लागेल अशी उंची, पिकलेले आखूड केस, आणि तलावाच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असा आवाज. मी ट्रे दिला. पहिल्याच वळणावर पाणी सांडलं. बायकोने ओल्या फडक्याने भिंत पुसली आणि पलीकडे सरकवली. न्हाणीच्या दारात सांडलं, दार रुंद झालं. साहेब सुरुवातीला खिशात हात घालून उभे होते, मग त्यांनीही एक खडू उचलला आणि चांगल्या कपड्यांची पर्वा न करता खाली बसले. शेजारी एकेक करून उतरले. कुणी पेले भरून देऊ लागलं, कुणी टेपचं टोक धरलं. एका म्हाताऱ्याने सर्वांना बजावून सांगितलं की रेघ तुटलेली असेल तिथूनच आत जायचं. मी कौतुकाने त्याच्याकडे बघितलं.

दुपार व्हायच्या आत बाई सगळ्या घरातून फिरून आल्या आणि ट्रे कोरडा होता. त्यांनी अशी आरोळी ठोकली की गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. बायकोच्या गालाला खडू लागला होता. ती त्या गर्दीत उभी राहून खळखळून हसत होती, आणि मला वाटलं, आता परत जावं लागलं तरी हरकत नाही, हे बघून झालं.

मग उंचीची मापं. बाई उभ्या राहतील तशा बायको काठीवर खुणा करत गेली. मागच्या खोलीतली खिडकी राहिली होती. मी सवयीने त्या जागी जाऊन कोपर वाकवून उभा राहिलो, कड इथे येणार होती हे दाखवायला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. शेजाऱ्याची घडीची खुर्ची ओढून माझ्या कोपराशी बसल्या आणि बराच वेळ समोर बघत राहिल्या. उठल्यावर बायकोशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. त्यांना हळू बोलता येतं हेच मला नवीन होतं. माझी इथली भाषा अजून लंगडत होती. काय म्हणाल्या, विचारलं तर बायको म्हणाली, काही नाही, जागा आवडली म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तिने दारातूनच सांगितलं, “ठेवलं मला.” एवढंच बोलून तिने माझे दोन्ही हात धरले आणि आम्ही त्या चिंचोळ्या घरात फुगडी घालायचा प्रयत्न केला. फोनवर मुलगी ओरडली, म्हणजे बाबा, फूटपट्टी रिटायर झाली. मी पोट धरून हसलो. नंतर ट्रे धुऊन, पुसून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला. त्या फळीला माझा हात पोचत नाही, स्टूल घ्यावं लागलं. ऑफिसमध्ये आता ज्याचं घर त्याने चालायचं, असा नियमच झाला होता. ते योग्यच होतं. मला ट्रेची आठवण यायची, हेही खरं.

पुढल्या वर्षी घर उभं राहिलं आणि बाईंनी आम्हाला चहाला बोलावलं. खडूची रेघ जिथे तुटली होती तिथे खरंखुरं दार होतं. बायको चौकटीवर तळवा ठेवून काही वेळ नुसती उभी राहिली आणि मग आत गेली. मला मात्र बाईंनी स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर एक ट्रे होता आणि त्यात काठोकाठ भरलेले पेले. त्यांनी बोटाने मागच्या खोलीचा रस्ता दाखवला.

मी निघालो. दिव्यांची बटणं माझ्या डोळ्यांसमोर, फळ्या माझ्या आवाक्याबाहेर, खिडक्यांच्या कडा माझ्या छातीशी. मोठ्यांच्या घरात आलेल्या पोरासारखा मी चालत होतो, पण रस्ता माझ्या पायांना पाठ होता. पाणी हललं नाही. शेवटचं वळण घेतलं तर बायको खिडकीशी उभी होती, आणि ही एकच खिडकी बाकीच्यांहून खाली होती. शेजारी एक खुर्ची.

मी ट्रे एका हातावर तोलला आणि दुसरं कोपर कडेवर ठेवलं. बरोबर बसलं.

“त्या बसून बाहेर बघतात,” बायको बाहेरच बघत म्हणाली. “तेव्हा म्हणाल्या होत्या, एवढी एक यांच्या मापाची राहू द्या. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या.”

पेले हिंदकळले आणि नव्या फरशीवर पाणी सांडलं. बायकोने खाली बघितलं.

“कुठं चुकलं?” तिने विचारलं.

“मीच चुकलो,” मी म्हटलं.

तिने माझ्या हातातून ट्रे घेतला. इतक्या वर्षांत तो तिने कधी धरलाच नव्हता, तिच्या हातात खडू असायचा. पेले सारखे करत ती म्हणाली, “थांबा तुम्ही इथं. आज मी फिरून येते.”

“भिंतीतून जाऊ नकोस,” मी म्हटलं.

ती निघाली. एकेक पाऊल जपून टाकत, नजर पाण्यावर ठेवून. मी कोपर तसंच खिडकीला टेकवून ती दारातून जाताना बघत राहिलो.