धर्माचा रकाना

नाव : बन्सी. माझं नंतर येईल. सगळीकडे आधी त्याचंच येतं.

नातं : चुलत भाऊ. देवळाली प्रवराच्या अलीकडे आमची वस्ती. एका भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही वाढलो. मॅट्रिकला मला त्याच्यापेक्षा एक्कावन्न गुण जास्त होते. हे मी कुणी न विचारताही सांगतो.

नोकरी : त्याची. भिंगारला, लष्कराच्या गोदामात. राखीव जागा. अर्ज आम्ही एकाच दिवशी, एकाच पेनानं भरले होते. पेन माझं होतं.

नळ : हा रकाना कुठल्याच अर्जात नसतो. मला लागतो. आमच्या गावच्या विहिरीवर सरकारी पाटी आहे, ‘सर्व जातींसाठी खुली’. यंदा, बहात्तरच्या दुष्काळात, टँकर त्याच विहिरीत पाणी सोडतो, आणि पाटीखाली उभी राहून पाटलाची सून आमच्या घागरीत वरून पाणी ओतते. छबू, माझी बायको, घागर खाली धरते. दिवाळीत ती भिंगारला बन्सी आणि त्याची बायको गोजर यांच्या क्वार्टरवर चार दिवस राहून आली. तेव्हापासून तिच्या तोंडी एकच.

“गोजरची बादली बामनिनीच्या बादलीला खेटून असती. कुनी सरक म्हनत न्हाई. आन् नळ कसा, आपल्या हातानं सोडायचा.”

“किती वेळा सांगशील?”

“बन्सीभाऊजींनी सोताच्या हातानं बसवलाय त्याचा वायसर.”

वायसर! मलाही बसवता येतो. नळ तर पाहिजे.

धर्म : इथं थांबावं लागतं.

मुंबईचं सरकार आम्हाला बौद्ध म्हणूनही सवलत देतं. दिल्लीचं देत नाही. लष्कर दिल्लीचं. तिथं ‘हिंदू महार’ लिहिलं तरच राखीव जागा, बौद्ध लिहिलं की ती गेली. शिवाशिव संपवायला काढलेली जागा, पण शिवाशिवीचा धर्म सोडलेल्याला नाही. बन्सीनं हिंदू महार लिहिलं. मी बौद्ध लिहिलं. माझा अर्ज परत आला.

गावानं माझा सत्कार केला. बुद्धजयंतीला हार घातला. रंगनाथनं नोकरी सोडली, धर्म सोडला नाही! मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो विनय वाटला.

खरं कारण : नगरच्या वसतिगृहात मला शिष्यवृत्ती बौद्ध लिहूनच मिळाली होती. वाटलं, सरकार म्हणजे सरकार. मुंबईचं निराळं आणि दिल्लीचं निराळं, हे परत आलेल्या अर्जावरचा शेरा वाचून कळलं. आधी कळलं असतं तर? तर बन्सीपेक्षा ठळक अक्षरात हिंदू लिहिलं असतं.

हे छबूलाही माहीत नाही.

तक्रार अर्ज (निनावी) : ‘साहेबांस कळविण्यात येते की, आपल्या गोदामातील बन्सी याने सत्तावन्न साली आमच्यासमक्ष आजीचा खंडोबाचा टाक प्रवरेत फेकून बौद्ध धर्म’

एवढंच लिहिलं. पुढं लिहिलं नाही. फाडलंही नाही.

मग बन्सी आला. रविवारी, सायकलवर, अंगात लष्करी स्वेटर. छबूनं उंबऱ्यातच हसून पाणी दिलं. माझ्यासाठी ती उठतसुद्धा नाही.

“रंगा, मला पक्कं करायच्या आधी चौकशी लागलीय. हवालदार तुझ्याकडंच यील.”

“माझ्याकडंच का?”

“तुझ्या शब्दाला वजन हाय ना, बाबा. हार घातलेला मानूस तू.”

“आन् मी खरं सांगितलं तर?”

तो हसला नाही. “तर मी हितं यीन. दुष्काळी कामावर तुझ्याशेजारी खडी फोडीन.”

क्षणभर मला ते चित्र फार आवडलं.

तो गेल्यावर छबू म्हणाली, “भाऊजींचं वाटोळं करू नगा. तुमाला जमलं न्हाई ते त्यांला जमलं, एवढाच गुन्हा.”

हवालदार नूरमहंमद मंगळवारी दुपारी आला. कागद मांडीवर ठेवून म्हणाला, “गावात कुनालाबी इचारलं तर म्हनत्यात, रंगनाथ खोटं लिहीत न्हाई. लिहा. बन्सी हिंदू हाय का न्हाई?”

छबू घागर घेऊन विहिरीकडे गेली होती. माझ्या डोळ्यांसमोर बन्सी खडी फोडत होता. त्याच्यामागं गोजर घागर खाली धरून उभी होती. बन्सीपर्यंत ठीक होतं. गोजरपाशी माझा हात अडला.

‘हिंदू महार आहे, असे मी जाणतो.’ लिहिलं. सही केली.

“आता तुमचा,” हवालदार म्हणाला.

“माझा काय?”

“धर्म. साक्षीदाराचाबी रकाना हाय. सख्खं चुलतभाऊ तुमी. एक बौद्ध, एक हिंदू म्हनलं की साहेब माझं डोकं खाईल.”

बन्सीकडं नसलेली माझ्यापाशी ती एकच गोष्ट होती. मी पेन टेकवलं, उचललं. हवालदारानं विडी पेटवली, अर्धी संपवली.

“घाई न्हाई,” तो म्हणाला, “पन लिहा.”

मी हिंदू महार लिहिलं. बन्सीला त्या शब्दाबद्दल क्वार्टर मिळालं होतं.

हवालदार बांधापलीकडे दिसेनासा झाला तेव्हा छबू परतली. घागर न उतरवताच तिनं विचारलं, “काय लिवलं?”

“त्याला हिंदू लिहिलं.”

“आन् सोताला?”

“बौद्ध.”

तिनं घागर उतरवली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडं नीट बघत होती. मग तांब्या भरून, न मागता, माझ्या हातात दिला.

“भाऊजींची नोकरी राखली, आन् सोताचा धरमबी,” ती म्हणाली. “हे काय बन्सीभाऊजींना जमलं नसतं.”

“न्हाई,” मी म्हणालो. “त्याला न्हाई जमलं.”

आणि पाणी प्यायलो.